एक विदूषक आणि एकेचाळीस वादक

गेल्या श्रावणांतील एका रात्रीची गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता, जेवणें आटोपलीं होतीं, आणि आमच्या घरांतील लहानथोर मंडळी नेहमींप्रमाणें माजघरांत जमली होती. दादा, म्हणजे आमचे वडील बंधु, आरामखुर्चींत डोळे मिटून बसले होते. वहिनी दुसऱ्या दिवशींच्या उपवासासाठीं शेंगा सोलीत होत्या. आणि धाकट्या बंधूंचा मुलगा विनू भिंतीला टेकून हातांतील फोनवर कांहींतरी पाहात एकटाच हसत होता. “अरे, एकट्यानें हसणाऱ्याला लोक काय म्हणतात, ठाऊक आहे ना? आम्हांलाहि दाखव,” असें वहिनींनीं म्हटल्यावरून त्यानें तो कार्यक्रम टेलिव्हिजनच्या मोठ्या पडद्यावर लाविला.

पडद्यावर एक भव्य रंगमंच दिसूं लागला. काळ्या पोषाखांतील पुष्कळसे वादक ओळीनें बसलेले. कोणाच्या हनुवटीखालीं व्हायोलिन, कोणाच्या गुडघ्यांमध्यें चेलो, कोणाच्या ओठांशीं पितळी कर्णा. मध्यें हातांत बारीक छडी घेतलेले संचालक. आणि या सर्वांच्या पुढें लांब कुरळ्या केसांचे, अंगांत सैल कफनी घातलेले, साठीच्या घरांतील एक गृहस्थ मोठ्या तन्मयतेनें गात आहेत आणि प्रेक्षक हंसून हंसून बेजार झाले आहेत, असा तो देखावा होता.

दादांनीं डोळे उघडले. त्यांचा कान तयार आहे. तरुणपणीं त्यांनीं बारा वर्षें गाणें शिकण्यांत घालविलीं आहेत. कांहीं वेळ ऐकून ते म्हणाले, “वाद्यें तर उत्तम वाजताहेत. पण हा मनुष्य म्हणतो आहे तें काय?”

“दादाकाका, हें विडंबन आहे. चाल एका जुन्या गाजलेल्या गाण्याची, आणि शब्द सगळे एका सिनेमाच्या गोष्टीचे.”

“म्हणजे दुसऱ्याच्या चालीवर टवाळी! आणि तिच्यासाठीं एवढीं माणसें कामाला लाविलीं? टवाळीला एक डफ पुरे होता.”

विनू गप्प बसला आणि त्याबरोबर आम्ही सर्वच गप्प बसलों. कारण हा प्रश्न केवळ परदेशांतल्या कोणा गवयाचा नव्हता. आदल्या वर्षीं गणपतीच्या दिवसांत विनूनें एका सुप्रसिद्ध भावगीताच्या चालीवर आमच्या स्वयंपाकघराचें एक गाणें रचून पेटीवर म्हटलें होतें. पाहुणे हसले होते. परंतु ज्या गाण्यावर लोकांनीं अश्रु ढाळले त्याची अशी थट्टा करणें हा संस्कार नव्हे, असें दादांनीं चारचौघांत सुनावलें होतें. त्या दिवसापासून मुलानें पेटी उघडली नव्हती. थट्टा करणारा हा मूळ वस्तूचा शत्रु असतो कीं भक्त, हा आमच्या घरांतला न मिटलेला वाद होता; आणि त्या रात्रीं आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, या कफनीवाल्या गृहस्थाची माहिती मिळवावी आणि मगच निवाडा करावा. ती माहिती वाचकांपुढें ठेवावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

या गृहस्थांचें नांव आल्फ्रेड मॅथ्यू यँकोव्हिक. परंतु जगांत ते ‘वीअर्ड अल्’, म्हणजे ‘विक्षिप्त अल्’, या नांवानेंच प्रसिद्ध आहेत. त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९५९ रोजीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं झाला. आईबापांचे ते एकुलते एक. सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं त्यांची ॲकॉर्डियनची पहिली शिकवणी झाली. संगीताच्या वर्गांचा एक फिरता प्रतिनिधि दारीं आला होता, आणि मुलाला गिटार शिकवावी कीं ॲकॉर्डियन, असें त्यानें विचारिलें. त्या काळीं अमेरिकेंत फ्रँकी यँकोव्हिक या नांवाचे पोल्का नृत्यसंगीताचे एक प्रख्यात वादक होते. त्यांचा आणि या घराण्याचा नात्यागोत्याचा कांहींएक संबंध नव्हता; तथापि त्याच आडनांवाचा आणखी एक ॲकॉर्डियनवादक जगांत असावा, असें वाटून मातापितरांनीं ॲकॉर्डियन निवडिलें. हें वाद्य म्हणजे आपल्या पेटीचें भावंडच होय. भात्यानें हवा भरावयाची आणि त्या हवेनें धातूच्या बारीक स्वरपट्ट्या थरथरावयाच्या, हें दोहोंचेंहि तत्त्व एकच. पेटी मांडीपुढें ठेवितात आणि ॲकॉर्डियन गळ्यांत अडकवितात, इतकेंच. ज्या काळीं तरुणांच्या संगीतांत गिटारीचें राज्य सुरू झालें होतें, त्या काळीं हें जुनाट वाद्य गळ्यांत अडकवून उभा राहिलेला मुलगा आपोआपच विनोदी दिसूं लागला. त्यानें तें दुर्दैव न मानतां भांडवल मानिलें.

कॉलेजांत ते वास्तुशास्त्र शिकत होते. तेथेंच १९७९ सालीं त्यांनीं कॉलेजच्या नभोवाणी-केंद्रासमोरील प्रसाधनगृहांत, तेथील फरशींमुळें आवाज चांगला घुमतो म्हणून, आपलें पहिलें गाजलेलें विडंबन मुद्रित केलें. मूळ गाणें एका तरुणीला उद्देशून होतें. यांचें एका सांडग्या-पापडाइतक्या साध्या खाद्यपदार्थाला उद्देशून होतें. पुढील वर्षीं एका विनोदी नभोवाणी-कार्यक्रमांत त्यांनीं गर्दीनें भरलेल्या बसवर एक विडंबनगीत म्हटलें, तेव्हां त्याच रात्रीं ओळख झालेल्या जॉन श्वार्ट्झ या तरुणानें ॲकॉर्डियनच्या रिकाम्या पेटाऱ्यावर हातांनीं ठेका धरिला. पेटाऱ्यावर ठेका धरणारा तो तरुण त्यांचा कायमचा तालवादक झाला, आणि चाळीस वर्षांनंतर जेव्हां मागें मोठा वाद्यवृंद बसला तेव्हांहि तो आपल्या जागीं होता. बाकीचे तीन साथीदारहि असेच जुने. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांना या गोष्टीचें मोल सांगावयास नको.

१९८४ सालीं मायकेल जॅक्सन यांच्या ‘बीट इट’ या गाण्याचें त्यांनीं ‘ईट इट’ हें विडंबन केलें. मूळ गाण्यांत गल्लींतल्या मारामारीपासून दूर राहण्याचा उपदेश आहे. विडंबनांत ताटांत वाढलेलें निमूटपणें खाण्याचा. या गाण्यानें त्यांना जगभर नांव मिळवून दिलें आणि अमेरिकेंतील संगीताचें ‘ग्रॅमी’ हें मानाचें पारितोषिकहि दिलें. अशीं पांच पारितोषिकें त्यांना २०१९ पर्यंत मिळालीं. २०१४ सालीं त्यांचा ‘मँडेटरी फन’ हा संग्रह प्रसिद्ध होतांच अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत पहिला आला. विनोदी गाण्यांच्या संग्रहाला हें स्थान १९६३ नंतर प्रथमच मिळत होतें.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. विडंबन म्हणजे काय? आमच्या घरींच नव्हे तर पुष्कळांच्या घरीं अशी समजूत असते कीं, ज्याला स्वतःची चाल सुचत नाहीं तो दुसऱ्याची घेतो. यँकोव्हिक यांच्या कामाची पद्धति पाहिली म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. मूळ गाण्यांतील प्रत्येक वाद्य, प्रत्येक ठेका, गायकाच्या आवाजांतील कंप, श्वास घेण्याच्या जागा, हें सर्व ते आणि त्यांचे साथीदार आधीं तंतोतंत उभें करितात. श्रोत्याच्या कानाला क्षणभर मूळच ऐकूं आलें पाहिजे. कानाची पक्की खात्री पटल्यावर जेव्हां शब्द दगा देतात, तेव्हांच हसूं फुटतें. मूळ गाणें अर्धवट येत असेल तर विडंबन नुसतें बेसूर होतें आणि कोणीहि हसत नाहीं. त्यांचा आणखी एक प्रकार याहूनहि अवघड आहे: एखाद्या संगीतकाराचें कोणतेंहि एक गाणें न घेतां केवळ त्याच्या शैलीवर नवीन चाल बांधावयाची, इतकी हुबेहूब कीं जाणकारानें म्हणावें, हें त्याचेंच राहून गेलेलें गाणें दिसतें.

दुसरी गोष्ट परवानगीची. अमेरिकेंतील कायदा विडंबनाला बरीच मोकळीक देतो. तरी हे गृहस्थ मूळ कलावंताची संमति घेतल्यावांचून सहसा पाऊल टाकीत नाहींत. जॅक्सन यांनीं दोनदां संमति दिली. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्या वेळीं आपल्या चित्रपटासाठीं उभारलेला देखावाहि वापरूं दिला. परंतु तिसरें गाणें वर्णभेदाविरुद्ध होतें. त्याची थट्टा होऊं नये असें त्यांनीं कळवितांच यँकोव्हिक यांनीं तो विचार सोडून दिला. प्रिन्स या प्रसिद्ध गायकानें प्रत्येक वेळीं नकारच दिला आणि तो प्रत्येक वेळीं मानण्यांत आला. पॉल मॅकार्टनी यांच्या एका गाण्यावर कोंबडीच्या पदार्थाचें विडंबन योजिलें होतें. मॅकार्टनी हे कट्टर शाकाहारी असल्यामुळें त्यांनीं नको म्हटलें. यँकोव्हिक स्वतः १९९२ पासून शाकाहारी असल्यामुळें त्यांना तें कारण लागलेंच पटलें. हा मजकूर आम्हीं वहिनींना वाचून दाखविला तेव्हां त्यांनीं पाश्चात्यांविषयींचें आपलें मत किंचित् सुधारून घेतलें.

एकदां मात्र चूक झाली. कूलियो या गायकाच्या गाण्याचें विडंबन १९९६ सालीं बाहेर पडलें. संमति मिळाली आहे असा निरोप मध्यस्थांकडून यँकोव्हिक यांना मिळाला होता. कूलियोचें म्हणणें पडलें कीं, मला कोणी विचारलेंच नाहीं. यँकोव्हिक यांनीं पत्र लिहून क्षमा मागितली आणि तेव्हांपासून मध्यस्थांवर न विसंबतां स्वतः कलावंताला विचारण्याचा नियम केला. पुढें दोघांचा समेट झाला, आणि त्या वेळीं रागावण्यांत आपलीच चूक झाली असें कूलियोनें मोकळेपणानें कबूल केलें. आमच्या घरीं त्या रात्रीं जें गाणें लागलें होतें त्याची चाल डॉन मॅक्लीन यांच्या १९७१ सालच्या ‘अमेरिकन पाय’ची, आणि कथा १९९९ च्या एका आकाशयुद्धाच्या चित्रपटाची. मॅक्लीन यांच्या मुलांनीं तें विडंबन घरांत इतक्यांदां लाविलें कीं, स्वतःचें गाणें म्हणतांना नवेच शब्द आपल्या ओठांवर येऊं लागतात, असें मॅक्लीन यांनीं सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. ज्याची थट्टा झाली त्याच्याच घरांत ती लाडकी व्हावी, याहून मोठें प्रशस्तिपत्र विडंबनकाराला कोणतें मिळणार?

आतां वाद्यवृंदाच्या दौऱ्याविषयीं. २०१६ च्या जुलै महिन्यांत लॉस एंजेलिस येथील ‘हॉलिवूड बोल’ या उघड्या नाट्यगृहांत यँकोव्हिक यांनीं मोठ्या वाद्यवृंदासह कार्यक्रम केले. २०१८ सालीं त्यांनीं अगदीं उलट प्रयोग केला. वेष नाहींत, पडदे नाहींत, गाजलेलीं विडंबनें नाहींत. खुर्च्यांवर बसून स्वतःच्या चालींचीं गाणीं लहान लहान नाट्यगृहांतून म्हटलीं, आणि त्या दौऱ्याला ‘हास्यास्पद, आत्मलोलुप व अविचारी अहंकाराचा दौरा’ अशा अर्थाचें नांव दिलें. मग २०१९ च्या उन्हाळ्यांत ‘स्ट्रिंग्ज अटॅच्ड’ हा दौरा निघाला. या नांवांत श्लेष आहे. इंग्रजींत या शब्दांनीं गुप्त अटी चिकटलेल्या असणें सूचित होतें. येथें मात्र व्हायोलिनादि तंतुवाद्येंच चिकटलीं होतीं! साठांहून अधिक कार्यक्रम झाले, आणि वेषांतरें, पडद्यावरील चित्रें, आपला जुना चौघांचा संच व गायिका यांच्या जोडीला एकेचाळीस वादकांचा वृंद मागें बसला. आरंभीं हा वृंद एकटाच चित्रपटांचें गंभीर व भव्य संगीत वाजवी. श्रोत्यांना आपण एखाद्या भारदस्त मैफलीस आलों आहों असें वाटूं लागे. आणि मग ते विक्षिप्त गृहस्थ प्रवेश करीत.

हा वृंद गांवोगांव बदलत असे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एकेचाळीस माणसांना खंडभर फिरविणें परवडणारें नसतें; म्हणून प्रत्येक मुक्कामीं तेथील वादक घेतले जात. आपल्याकडे गवई परगांवीं गेला कीं तबलजी तेथला मिळतो आणि दोन तानांत एकमेकांचा अदमास घेतात. पाश्चात्य वाद्यवृंदांत अदमासाला जागा नाहीं. प्रत्येकापुढें त्याचा त्याचा स्वरलेख लिहिलेला असतो. त्यांत किती मात्रा थांबावयाचें, कोठें हळू व कोठें जोरानें, हें सर्व नोंदलेलें असतें. ज्या गाण्यांत मूळ चारच वाद्यें होतीं त्यांत एकेचाळीस वादकांना काय काम द्यावयाचें, हें आधीं कोणीतरी महिनोन् महिने बसून लिहावें लागतें. तें लेखन असें असावें लागतें कीं, कसलेल्या वादकांना तें थोड्याशा तालमींत वाजवितां यावें. ढोल व विजेचीं गिटारें यांचा आवाज व्हायोलिनांना गिळून टाकतो. म्हणून तंतुवाद्यांनाहि ध्वनिवर्धकाची जोड द्यावी लागते.

शिवाय यांत विनोदाची अडचण निराळीच. हसूं मोजून येत नाहीं. एका गांवीं लोक तीन क्षण हसतात, दुसऱ्या गांवीं दहा क्षण. चौघांचा जुना संच डोळ्यांच्या इशाऱ्यावर थांबेल. एकेचाळीस जण थांबणार ते संचालकाच्या छडीवर. तेव्हां संचालकाला एक कान संगीताकडे आणि एक कान प्रेक्षकांकडे ठेवावा लागतो, आणि वादकांना तोंडावरची रेषाहि हलूं न देतां वाजवावें लागतें. तो वादक स्वतः हसला कीं विनोद संपला. ज्यानें पांचव्या-सहाव्या वर्षापासून दिवसाचे अनेक तास व्हायोलिनवर घालविले, ज्याला थोर सिंफनी तोंडपाठ आहेत, तो जेव्हां बसमधील गर्दीच्या गाण्याला तितक्याच निष्ठेनें साथ करितो, तेव्हां त्या क्षुल्लक विषयाच्या आणि त्या प्रचंड साधनेच्या विसंगतींतूनच हास्य उसळतें. दादांच्या प्रश्नाचें एक उत्तर येथें मिळतें. डफावर टवाळी झाली असती; हें जें झालें तें एकेचाळीस माणसांच्या गांभीर्यावांचून झालेंच नसतें.

आणि ही परंपरा आजकालची नव्हे. १७७२ सालीं एस्टरहाझी घराण्याच्या राजपुत्रानें आपल्या पदरच्या वादकांना उन्हाळी वाड्यांत फार दिवस अडकवून ठेविलें. त्यांचीं बायकामुलें दूर राहिलीं होतीं. तेव्हां त्यांचे प्रमुख हायडन यांनीं एक अशी सिंफनी रचिली कीं, शेवटच्या भागांत एकेक वादक आपला भाग संपवून मेणबत्ती विझवून निघून जावा. अखेरीस दोनच व्हायोलिनें उरावींत. राजपुत्राला अर्थ कळला आणि मंडळींना घरीं जावयास मिळालें. तक्रार-अर्जानें जें साधतेंच असें नाहीं तें एका सुरेल थट्टेनें साधलें. मोझार्ट यांनीं १७८७ सालीं अडाणी रचनाकारांची नक्कल करणारी एक रचना मुद्दाम चुका घालून लिहिली. लंडन येथें १९५६ सालीं गेरार्ड हॉफनुंग या व्यंगचित्रकारानें रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें विनोदी संगीताचा मोठा उत्सव भरविला. त्यांत माल्कम आर्नल्ड या मान्यवर रचनाकारानें तीन धूळ ओढणारीं यंत्रें, एक जमीन घासणारें यंत्र, चार बंदुका आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठीं रचना केली होती. अमेरिकेंतील पीटर शिकली यांनीं १९६५ सालापासून थोर बाख यांचा एक कल्पित नालायक पुत्र उभा करून त्याच्या नांवावर रचना सादर केल्या. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: कोणीहि संगीत न शिकलेला नव्हता.

या मालिकेंतील व्हिक्टर बोर्ग यांची कथा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९०९ सालीं कोपनहेगन येथें ज्यू घराण्यांत जन्मलेले हे पियानोवादक गंभीर मैफलींतून विनोदाकडे वळले आणि हिटलरची थट्टा करूं लागले. १९४० सालीं जर्मनांनीं डेन्मार्क घेतला तेव्हां ते सुदैवानें स्वीडनमध्यें होते. तेथून फिनलंडमार्गें मिळेल त्या जहाजानें ते अमेरिकेस पोंचले. जवळ वीस डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हतें. सिनेमे पाहून पाहून ते ती भाषा शिकले, आणि १९५३ पासून न्यूयॉर्कमध्यें त्यांनीं एकट्यानें केलेल्या संगीत-विनोदाच्या कार्यक्रमाचे ८४९ प्रयोग झाले. पुढें मोठमोठ्या वाद्यवृंदांसमवेत त्यांनीं जगभर कार्यक्रम केले. देशावर शत्रूचा ताबा असतांना आजारी आईच्या अखेरच्या भेटीसाठीं ते खलाशाच्या वेषांत डेन्मार्कला जाऊन आले होते, असें सांगतात. लोकांना हसविणाऱ्या माणसाच्या पाठीमागें काय काय असतें, याची कल्पना हसणाऱ्याला क्वचितच असते.

आपल्याकडे पाहिलें तर भरतमुनींनीं हास्याला आठ रसांत मानाचें स्थान दिलें असून शृंगाराच्या अनुकरणांतून हास्य उत्पन्न होतें असें सांगितलें आहे. विडंबनाचें बीजच त्या विधानांत आहे. संस्कृत नाटकांतील विदूषक तर जातीचा ब्राह्मण आणि राजाचा जिवलग मित्र. राजाची थट्टा करण्याचा अधिकार त्याला मिळतो तो राजावरील त्याच्या प्रेमामुळें. मराठींत आचार्य अत्रे यांनीं ‘केशवकुमार’ या नांवानें ‘झेंडूचीं फुलें’ हा विडंबनगीतांचा संग्रह १९२५ सालीं प्रसिद्ध केला. ज्या कवितांची त्यांत थट्टा आहे त्या त्यांना तोंडपाठ होत्या, हें कोणाहि वाचकाच्या ध्यानांत येतें. आणि वाद्यवृंदाचें म्हणाल, तर मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील व्हायोलिनांचे ताफे पुष्कळ अंशीं गोव्याच्या वादकांनीं उभे केले. त्यांतील ॲन्थनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरु. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांत एका अंड्यांतून बाहेर येऊन नायक जें हास्यगीत म्हणतो त्यांत हेंच नांव आहे. शिष्यानें गुरूला वाहिलेली ती आदरांजलि होती. विनोदी गाणें गुरुदक्षिणाहि होऊं शकतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

एक प्रसंग आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविला आहे. ९ एप्रिल २००४ रोजीं यँकोव्हिक दौऱ्यावर असतांना त्यांचे आईवडील कॅलिफोर्नियांतील आपल्या घरीं मृतावस्थेंत आढळले. घरांतील शेकोटी पेटविली होती आणि धुराड्याची झडप बंद राहिल्यामुळें विषारी वायु सांचला होता. एकुलत्या एका मुलाला ही बातमी परगांवीं कळली. त्याच रात्रीं विस्कॉन्सिनमधील ॲपल्टन येथें त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता, आणि तो त्यांनीं केला. आपल्या गाण्यांनीं कठीण काळांत धीर दिला असें इतके लोक सांगत आले, तेव्हां कदाचित् मलाहि तीं तारतील, असा त्यांचा विचार होता.

सुतक पाळणाऱ्या आमच्या कित्येक वाचकांना हें रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु १२ मार्च १९११ रोजीं ‘मानापमान’ नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशीं बालगंधर्वांची कन्या वारली आणि तरीहि प्रयोग झाला, ही हकीकत आपण घरोघर अभिमानानें सांगत आलों आहों. तेथें भामिनीचा शृंगार होता म्हणून तें व्रत, आणि येथें बसच्या गर्दीचा विनोद म्हणून ती टवाळी, असा भेद करणें न्यायाचें होईल काय? रडत्या मनानें हसविणें हें रडविण्यापेक्षां सोपें नाहीं.

हा सर्व मजकूर आम्हीं दोन रात्रीं दादांना वाचून दाखविला. त्यांनीं मध्यें एकदांच तोंड उघडलें: “विडंबन करणाऱ्याला मूळ गाणें यावें लागतें, हें मात्र खरें.” आणखी कांहीं बोलले नाहींत. पुढच्या रविवारीं सकाळीं पूजा आटोपून ते ओसरीवर आले आणि विनूला म्हणाले, “पेटी काढ. गणपतींत तूं जें म्हटलें होतेंस, त्याचें मूळ गाणें आधीं म्हणून दाखव.”

मुलानें भीतभीतच भाता ओढला. गाणें दोन्ही कडव्यांसह म्हटलें. दुसऱ्या कडव्यांतील एका जागीं दादांनीं त्याला थांबविलें, ती जागा स्वतः गाऊन दाखविली, आणि ती बरोबर येईपर्यंत चार वेळां म्हणून घेतली. मग ते आरामखुर्चींत मागें टेकले.

“आतां तुझें म्हण.”

विनूनें म्हटलें. फोडणी जळण्याची जागा नेमकी त्याच स्वरावर आली, जो दादांनीं आत्तांच घासून घेतला होता. आंतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. दादा हसले नाहींत; पण त्यांनीं मांडीवर ठेका धरिला होता, आणि तो शेवटपर्यंत चुकला नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरींहि असा एखादा विनू असेल. त्यानें उद्यां कोणा थोर गाण्याची थट्टा केली तर त्याला रागें भरण्यापूर्वीं मूळ गाणें म्हणून दाखवावयास सांगावें, एवढीच आमची विनंति आहे. त्याला तें येत नसेल तर खुशाल रागें भरावें; आणि येत असेल, तर पुढचें विडंबन सर्वांनीं मिळून ऐकावें.